नाकाची परीक्षा

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक रसायनाचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको.

“वयामुळे जातो म्हणे वास.”

“वयामुळे? जन्मभर लॅबमध्ये पोरांच्या परीक्षानळ्या हुंगल्यात, ते सांगा डॉक्टरांना.”

“अगं, अमाइन नावाचं रसायन कुठल्या प्रकारचं, ते ओळखायला हुंगावंच लागतं. क्लोरोफॉर्म आणि अल्कली घालून तापवायचं. प्राथमिक असलं, तर जीव नकोसा करणारी घाण सुटते. दुसऱ्या प्रकारांना नाही सुटत.”

“मग बाकीचे मास्तर का नाही हुंगायचे?”

“आमचे विभागप्रमुख म्हणायचे, तुमच्यासारखं नाक कुणाचं नाही.”

“त्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तुम्ही चढलात! परवा गॅस सुरू राहिला, आणि तुम्ही तिथंच पेपर वाचत बसलेले.”

“आलीस ना तू वेळेवर?”

“आले. आणि निरोप देताना त्याच प्रमुखांनी काय द्यावं? अत्तर!”

“तुलाच दिलं की मी ते.”

“वर्षभर रोज लावलं. एकदा तरी काही बोलाल म्हणून.”

“मला वाटलं, तू बाटली उघडलीच नाहीस.”