येसूबाईचा फणस

ऐका. मध्ये कुणी उठायचं नाही. उठायचं असेल तर आत्ताच जाऊन या.

आपल्या वाडीतली येसूबाई लेकीच्या बाळंतपणाला खिंडीपलीकडच्या गावी गेली होती. दिवेलागणीला मुलाचा, दत्तारामचा, निरोप आला. अंगणातला फणस आतून पोखरलाय, घरावर कलतोय, उद्या उजाडताच पाडतोय. आता पाडायचं तर पाड रे, पण झाडाला सांगायला नको? आपल्यात आधी मुळाशी तांदूळ ठेवून त्याचा निरोप घेतात. हा फणस तर तिने नवी नवरी असताना लावलेला. चार पोरं त्याच्या गऱ्यांवर वाढवली.

तिने मूठभर तांदूळ पदराला बांधले. लेक म्हणाली, "आई, खिंडीत चकवा आहे गो."

"असू दे. मला त्याच्याशी काम नाही."

निघाली. खिंड उतरली, एक मोडका पार लागला. चालली, चालली, पुन्हा तोच पार. परत चालली, परत तोच. तुम्ही असतात तर तिथेच बोंब ठोकली असतीत. ती मुकाट चालत राहिली. मग मागून मेलेल्या नवऱ्याचा आवाज. "येसू, थांब गो, दमलीस."

"जिवंतपणी कधी विचारलं नाहीत," ती म्हणाली, आणि थांबली नाही.

मग समोर चक्क तिचं अंगण. तुळस, दिवा, फणस. तिला रडूच फुटलं. पदराची गाठ सोडली, तांदूळ ठेवायला वाकली, तर हात खोडाखालून आरपार गेला. अहो, खोड जमिनीला टेकलंच नव्हतं! वीतभर वर होतं. आणि फांद्यांतून कुणीतरी म्हणालं, "दे गो, मला दे."

तिने मूठ घट्ट आवळली आणि मागे सरली ती थेट ओढ्यात. तो ओढा तिच्याच परसामागून वाहतो. "वाटा फिरवशील मेल्या, पाणी कसं फिरवशील?" असं म्हणून गुडघाभर पाण्यातून, पाणी जाईल तिकडे चालू लागली. काठावरून त्याने लेकीची हाक काढली, तान्ह्याचं रडणं काढलं. ते ऐकून तिचं काळीज तुटलं, पण तिने वळून पाहिलं नाही.

पोचली तेव्हा फटफटलं होतं. कुऱ्हाडवाले तळहातावर थुंकत होते. ओल्या लुगड्यानिशी ती मध्ये शिरली, मुळाशी तांदूळ ठेवले, खोडाला गाल लावला.

"मी लावलं तुला, मीच सांगायला आले. माझी पोरं पोसलीस. आता पड, बाबा. फक्त घराकडे नको."

घरावर कललेला फणस उलटा, रस्त्याकडे पडला. एक कौल हललं नाही. ती मात्र त्याच्याजवळ बसून दुपारपर्यंत रडली.

तेव्हा त्या खिंडीच्या वाटेला रात्री जायचं नाही, सांगून ठेवतो. येसूबाईला जायलाच हवं होतं, म्हणून ती सुटली. तुम्हाला कुठे जायचं असतं, पत्ते कुटायला.