काटा खोटा निघाला, मी न्हाई

मी शिवकांता. म्हायेर माझं उदगीरकडं, कर्नाटकाच्या कडंला, तिथं आईला अव्वा म्हणतेत. अव्वा बाजारात मिरची इकायची अन् मी तिच्या बाजूला पोत्यावर बसून वाढले, मग लगीन होऊन मुखेडला आले तर मालक हमाली करायचे, एकाच्या हमालीवर काय भागतंय, म्हणून म्या बी मिरचीच मांडली. सुकी मिरची, लसूण, हळकुंड. माझ्यापाशी बसलेलं माणूस शिंकतंयच, तुम्ही बी शिंकायलाव, पाणी देऊ का? घ्या. मला बघा काहीच होत न्हाई.

तर काट्याचं सांगत व्हते. आधी माझ्यापाशी हातातली तागडी व्हती, पण गिऱ्हाईक म्हणायलं, मावशी, आकडे दिसणारा काटा घ्या, आमाला बी कळतंय. सून माझी, सरिता, शिकलेली हाय, ती म्हणली आत्या, मोबाईलवर मागवू, घरपोच येतंय. फोटो दाखवली ती, एक दुकानदार हसत हसत टमाटे जोखायला. म्हणले मागव. खोकं आलं, लाल लाल आकडे, पयल्यांदा एकदम बरोबर जोखायचा. अन् मग काय सांगू तुम्हाला, ऊन वाढलं तसा तो आतल्या आत बिघडत गेला अन् मला पत्ताच न्हाई.

महानंदाताई हाय ना, बसस्टँडपाशी खानावळ चालवती, माझं जुनं गिऱ्हाईक, ती भर बाजारात आली अन् मिरचीची पिशवी माझ्याम्होरं आदळली. म्हणली शिवकांता, तू काटा मारायलीस, घरी जोखली तर कमी भरली, मागल्या बाजारी बी कमीच. सगळा बाजार बघायला. मी म्हणले ताई, तोंड सांभाळून बोला. तवर शेजारचे कांद्याचे बशीरभाई उठले, आपलं लोखंडी किलोचं वजन आणले अन् माझ्या काट्यावर ठेवले. काटा किलोच्या वर दाखवायला. उचलून परत ठेवले, परत वरच. म्हंजे मी किलो म्हणून जे देत व्हते ते किलो नव्हतंच की हो.

पण मी तोंड लपवून बसणारी न्हाई. उभी ऱ्हायले अन् वरडले, ह्या काट्यावर ज्यानं ज्यानं माझ्यापून माल नेला त्यानं यावं अन् कमी पडलेलं घेऊन जावं. सरिता पदर ओढायली, आत्या, गपा. का गप बसू? बाया आल्या, गडी आले, कधी माझ्यापाशी उभा बी न ऱ्हायलेला एकजण आला, त्याला बी दिले वंजळभर, म्हणले घे बाबा, जाऊन शिंक. पोतं रिकामं झालं. तरी घरला निघाले तर मागून कोणतरी म्हणलंच, धरली गेली म्हणून मिरची वाटायली. ते मला लई लागलं. मिरची गेल्याचं न्हाई, ते बोलणं लागलं.

सरिता काटा इकणाऱ्याला फोन लावली. तिकडून एक पोरगी, मॅडम, वापसी का टाइम खतम हो गया. मी फोन हिसकून घेतले, आमची हिंदी तर तुम्हाला ठावं हाय, म्हणले बेटी, मेरेकू पैसा नक्को, तुमारा काटा झूटा है, इत्ता लिख के देव. ती म्हणली ऐसा लिखके नहीं देते, अगली खरेदी पे छूट देंगे. म्हणले तेरी छूट तू रख. मग त्यांच्यातल्याच दुसऱ्या एकाचा फोन, पैसे परत देतो, काटा न्यायला माणूस पाठवतो. माणूस आला बी, दारातून वापस लावले. काटाच दिला तर माझ्यापाशी ऱ्हायलं काय? उद्या बाजार म्हणणार, बाईनंच गायब केला.

मालक म्हणले सोड ना आता, पैसे द्यायलेत ना. म्हणले तुम्ही घरी बसा, नाव माझं गेलंय. सरितानं माहिती काढली, ग्राहकांचं कोर्ट असतंय म्हणं नांदेडला. बशीरभाई म्हणले, भाभी, वो लोहे का बाट मेरा था, मै आके बोलतूं. असे आम्ही तिघं यष्टीनं गेलाव, काटा माझ्या मांडीवर. तारखेवर तारीख पडायली, बाजार बुडायला, तरी जायचोच. त्यांचा वकील म्हणला, हा काटा घरगुती वापराचा, ह्यांनी धंद्याला वापरला. सरिता लगीच मोबाईल म्होरं केली, तो टमाटेवाला. निकाल द्यायला बसलेल्या मॅडमनी फोटो बघितला अन् वकिलाला इचारल्या, तुमच्या घरी असे टमाटे जोखतात का हो? मग माझ्याकडं वळल्या, आजी, तुम्हाला नुकसानभरपाई किती पाहिजे? म्हणले बाईसाहेब, तुम्ही द्याल ते द्या, पण ह्यांनी लिहून द्यावं, काटा खोटा व्हता, शिवकांता न्हाई.

शेवटाला दिलं की हो लिहून. तर इंग्रजीत! म्हणले हे मुखेडच्या बाजारात कोण वाचणार? मराठीत द्या. वकील हसला, पण दिला.

मुखेडच्या त्याच बाजारात सरिता पोत्यावर उभी ऱ्हाऊन मोठ्यानं वाचली. लोक थांबले, काही निघून गेले. महानंदाताई व्हती. म्हणली, मला तवा तसंच वाटलं गं. म्हणले वाटणारच, माल कमी व्हता, तुझं काय चुकलं? पण म्होरच्या वेळी आधी माझ्यापाशी येऊन सांग, मग बाजारात वरड. खानावळीची मिरची आता परत माझ्याकडूनच जाती. आता दुकानातून घेतलेला, सरकारी शिक्क्याचा काटा हाय. अजून बी कोण कोण माझ्या मागं बोलतेत, बोलू द्या, ज्याला जोखायचंय त्यानं कुठं बी जोखावं.

काय म्हणता, लिहिताना नाव बदलू? कशाला? माझ्या नावासाठीच तर नांदेडला खेटे घातले. शिवकांता, मुखेडच्या बाजारातली मिरचीवाली, असंच लिहा. लेकराबाळात सुखी ऱ्हावा. अन् जाताना थोडी मिरची न्या, पैसे नको, पण जोखून न्या.