चीक निथळायची पंधरा मिनिटं

माझी शाळा दुसरीपर्यंत, पण कान पदवीधर. चोपड्याच्या स्टँडवर बसले होते. बाजूला केळीच्या पॅकिंगमधली बेबाबाई आणि कॉम्प्युटरवर शिकवायचे कोर्स बनवणारा ललित.

“अक्का, तुमचं काम सुटलं हे मला कालच कळलं.”

“सुटलं नाही रे भाऊ, काढलं. दोन गाड्या माल परत आला. बठ्ठ्या, एकूण एक केळांवर चिकाचे काळे डाग.”

“पण तुम्ही तर कॅमेऱ्यासमोर नीट दाखवलं होतं. घडाची फणी कापायची, तुरटीच्या पाण्यात टाकायची, चीक निथळू द्यायचा.”

“मी दाखवलं. तुझ्या कोर्सात कुठे शे ते? त्यात फणी पाण्यात पडते आणि लगेच खोक्यात जाते. नव्या पोरी तेच पाहून शिकल्या.”

“मधली पंधरा मिनिटं मीच कापली.”

“का रे?”

“त्यात काहीच घडत नव्हतं. कोर्स कसा बनवायचा त्या पुस्तकात लिहिलं होतं, माणूस कंटाळला की शिकत नाही.”

“पुस्तकवाल्याने केळीची फणी कधी हातात तरी धरली होती का?”

“कोर्स आधी एकदा तुम्हाला दाखवायला हवा होता. चुकलं माझं, अक्का. आजच मालकाला सांगतो.”

“आता सांगशील! परवा त्याने बठ्ठ्या बायांसमोर तुझा कोर्स लावला. त्यात तोंड दिसत नाही, नुसते हात दिसतात. मला विचारलं, हे हात कोणाचे?”

“मग?”

“त्या हातातली काकणं माझीच होती, भाऊ. माझेच म्हटलं.”