शेऱ्याच्या रकान्यातलं पान

तुम्ही हसाल, पण त्या सकाळी मी चांगलाच घाबरलो होतो. कोपरखैरण्यातल्या आमच्या वाचनालयाची पुस्तकयादी मी फुकटच्या ऑनलाइन तक्त्यात चढवली. लिंक सभासदांच्या ग्रुपवर टाकली आणि यादी बदलायची मुभाही चुकून सगळ्यांना देऊन बसलो.

"सर, पीएचडी नक्की तुमचीच ना?" ग्रंथपाल सुरेखाताईंनी विचारलं. मलाही तीच शंका होती.

वर्षभराची मेहनत कुणी पुसली तर, या धास्तीने यादी उघडली. बदल एकच होता. एका कवितासंग्रहापुढे मी 'एक पान गहाळ' असा शेरा मारला होता. त्याखाली बोनकोड्याच्या वनिता पाटील यांनी लिहिलं होतं, 'सर, ते पान मी फाडलं. आईला वाचता येत नाही, पण त्या पानावरची कविता तिला फार आवडली. रोज वाचून दाखवायचे. आता तिला पाठ झाली. पान आणून देऊ?'

मी फोन केला. "पान राहू द्या. आईंना आणा."

आई आल्या. त्या कविता म्हणत गेल्या, मी शेऱ्यात टाइप करत गेलो. एका ओळीला गोंधळलो, बोटं थांबली.

त्यांनी पाठीवर हात ठेवला. "भिऊ नको रं मास्तर, मना सगली पाठ हाय."