गोळीला सुट्टी

हाडांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजय नुकतीच डॉक्टरांना भेटून आली होती.

"काय म्हणाले गं?"

"हाडांची गोळी बंद. सात वर्षं झाली, आता पुरे म्हणाले."

"अगं, पण हाडं ठिसूळ म्हणूनच तर चालू केली होती ना?"

"फार वर्षं घेतली की क्वचित कुणाचं मांडीचं हाडच मोडतं म्हणे, जबड्यालाही त्रास होतो. म्हणून गोळीला सुट्टी. दोन वर्षांनी पुन्हा तपासू म्हणाले."

"मग चांगलंच झालं की. तोंड पाडून का बसलीस?"

"वन्सं, ती गोळी दर रविवारी उपाशीपोटी घ्यायची. मग अर्धा तास ताठ बसायचं, वाकायचं नाही, आडवं व्हायचं नाही. तेवढ्यात तुमचे बंधुराज केर काढतात, भांडी लावतात, चहा टाकतात."

"आमचा बंड्या? त्याला तर गाळणं कुठे असतं तेही माहीत नव्हतं."

"सात वर्षांत शिकले. आता गोळी गेली की चहाही गेला."

"मग सांगूच नकोस."

"तेच ठरवलंय. रिकामं पाकीट उशाशी ठेवीन आणि ताठ बसेन. थांबा, त्यांचाच फोन. हॅलो. हो, झालं. नाही हो, बंद कशाला करतील? उलट आता बुधवारीही घ्या म्हणाले."

फोन पर्समध्ये गेला.

"तसलं रिकामं पाकीट अजून एक असेल का गं?"