पीओपीच्या वरचा स्लॅब

माझा जन्म अंबरनाथ पूर्वेचा, वडील तिथंच कारखान्यात होते. लग्नानंतर मी उल्हासनगरात फ्लॅट घेतला, मोठ्या हौसेनं घेतला, आणि तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगतो, आता त्याच घराची भीती वाटते. आमच्याकडं स्लॅब पडतात, वरचा खालच्याला घेऊन थेट तळाला जातो. माझ्या हॉलच्या छताचे पापुद्रे निघाले, आतल्या सळया दिसायला लागल्या, गंजून फुगलेल्या. खालच्या मजल्यावरचे सिंधी काका म्हणाले, साईं, खालून पीओपीचं खोटं छत मारून घे आणि विकून टाक, सगळे तेच करतात. मी केलं. पांढरंशुभ्र, मधोमध फूल.

गिऱ्हाईक आले सलीमभाई, जीन्सच्या कारखान्यात शिलाई करतात. वर काय केलंय, त्यांनी विचारलं, मी हसून म्हटलं, शोभेसाठी. मग गप्पा निघाल्या. मी बुद्ध विहारात जातो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्यात काय शिकवतात. मी म्हटलं, जसा आपला जीव तसा दुसऱ्याचा. ते म्हणाले, हमारे में भी वही है, जो अपने लिए चाहो वही भाई के लिए चाहो. काका बसलेच होते, म्हणाले, आमच्या सिंध्यांच्या दरबारात, सत्संगात पण हेच सांगतात. तिघंही माना हलवत बसलो, त्याच छताखाली. बायको चहा ठेवून गेली, माझ्याकडं बघितलं नाही तिनं.

मग आम्ही आमच्यासाठी बदलापूरला बेलवलीत जुना फ्लॅट बघायला गेलो, तर तिथं वर नवंकोरं पीओपी. मी विचारलं, याच्या वर काय आहे. मालक हसला, म्हणाला, अहो, शोभेसाठी केलंय. जिन्यात बायको म्हणाली, त्याला नावं ठेवू नका हं.

परवा सलीमभाई बयाणा द्यायला आले, लहान मुलीला घेऊन. ती बरोबर फुलाखाली उभी राहून वर बघायला लागली. मी म्हटलं, पोरीला बाजूला घ्या. झाडूचा दांडा घेतला आणि वर भोसकला. पांढरा चुरा आला, मागून गंजाची लाल माती, मग सिमेंटचं ढेकूळ. सलीमभाईंनी मुलीला कडेवर घेतलं आणि निघून गेले. काका धावत वर आले, पागल आहेस काय, आता माझा फ्लॅट पण कोण घेणार.

संध्याकाळी सलीमभाईंचा फोन, भाभी को लेके हमारे यहाँ आ जाओ, खोली छोटी है, चलेगा. अजून गेलो नाही, कोणत्या तोंडानं जायचं. पलंग भिंतीला लावलाय. वरच्यांनी बादली जरी टेकवली तरी उठून दारात जाऊन उभा राहतो. तुम्ही पण लिहिता लिहिता जरा दाराकडं सरकून बसा.