भोर, शार आणि ठिक्कर

बसा मंडळी, दाटीवाटीनं बसा. पाय पसरायचे ते घरी! मी काही शिकलेली नाही. दोन इयत्ता झाल्या आणि तिसरीत मास्तरांनाच माझा कंटाळा आला. तरी एक प्रश्न विचारते, उत्तर द्या. रंगाला बरं-वाईट कोण करतं? रंग स्वतः, की आपली जीभ?

काळा रंगच घ्या! जमीन काळी असली की सासरा मिशीवरून हात फिरवतो — "काळी कसदार आहे हो!" म्हैस कशी? काळीभोर! पोरीचे डोळे? काळेशार. शाळीग्राम? काळा कुळकुळीत. गळ्यातले मणी काळे, तान्ह्याच्या गालावरची तीट काळी. देव तर काळा नसतोच — तो सावळा! आणि सून? सांगा की! आता का सगळ्या सासवा खाली बघायला लागल्या? सून — काळी ठिक्कर! रंग तोच, मंडळी. शेपूट तेवढं आपण लावतो.

तर ऐका. डोंगराखालच्या एका गावात सगुणाआक्का नावाची बाई होती. ठसका असा, की ती विहिरीवर आली की रहाटसुद्धा कुरकुरायचा थांबायचा! ही आक्का कोण, ते विचारू नका. तिची नथ आणि माझी नथ एकच आहे, एवढं पुरे. तिला आपण लांबूनच बघू. जवळून मला सोसत नाही.

आक्काच्या घराला एक मान होता. डोंगरावरच्या टेकाईला चैत्री पुनवेला शेंदूर चढवायचा, तो हिच्या घरचा — तिळाच्या तेलात कालवलेला. रीत अशी, की जुना थर खरवडायचा नाही. देवीला नख लागेल! त्याच्यावरच नवा थर. आधीच्या सुना बोटानं लावून मोकळ्या व्हायच्या. आक्का म्हणायची, "आमची आई लालबुंद दिसली पाहिजे!" आणि शेर-दीड शेर लिंपायला लावायची. पंचवीस वर्षं! देवीचं नाक कुठं आणि गाल कुठं, हे गुरवालासुद्धा सांगता येत नव्हतं.

तिचा एकुलता मुलगा यशवंत. त्यानं पोरगी पसंत केली — शेजारच्या गावची मालन. हाताला काम, तोंडाला उत्तर. आक्का बघायला गेली. पोहे खाल्ले — दोनदा! — पोरीला दाराच्या उजेडात उभं केलं, आणि घरी येऊन म्हणाली, "काळी ठिक्कर आहे."

"आई, सावळी आहे ती."

"सावळा देव असतो. पोरगी काळी असते!"

"मग तू कोण?"

"मी निमगोरी!"

हसा, हसा! अहो, निमगोरी कसली? तव्याची मागची बाजू! हिला दाखवायच्या दिवशी हिच्या आईनं हळद-पिठाचा असा थर दिला, की सासऱ्याला वाटलं सोन्याची पुतळी! लग्नात घाम फुटला आणि अंतरपाट निघेपर्यंत अर्धी पुतळी वाहून गेली. त्या मांडवात सासूनं जे शब्द काढले, ते आक्का जन्मात विसरली नाही. जपून ठेवले — सुनेसाठी!

यशवंत म्हणाला, "मालन नाही, तर मी मांडवात उभा राहणार नाही." तेव्हापासून पोरगा आईच्या हातचं जेवेना. मंडळी, नवरा रुसला तर बाई मीठ जास्त घालते. लेक रुसला की तिचाच घास अडकतो. पण आक्का मान कशी खाली घालील? इकडे मालनच्या वडिलांचा, सोपानरावांचा निरोप आला — "पुनवेला टेकाईच्या आरतीला येतो. तिथं हो का नाही, ते सांगा. नाही म्हणालात तर दुसरं स्थळ तयार आहे."

पुनव आली. आक्कानं त्या साली पाच शेर शेंदूर नेला! का? देवी इतकी लाल दिसावी, की शेजारी उभी राहिलेली पोर आपोआप काळी दिसेल. नियत बघा बाईची! वर दोन मोठ्या समया देवीच्या अगदी गालाशी नेऊन ठेवल्या.

धोंडिबा गुरव म्हणाला, "आक्का, थर लई झालाय. दुपारचं ऊन आहे, समया तरी लांब घ्या."

"तू घंटा वाजव! मान आमचा आहे!"

गाभारा भट्टीसारखा तापला. आरतीच्या आधी सोपानराव हात जोडून पुढे आले. मागं मालन, हातात ओटीचं ताट. खांबाशी यशवंत, आईकडे बघत नव्हता, देवीकडे बघत होता.

"आक्का, काय ठरलं?"

आक्कानं पदर सावरला, गावाला ऐकू जाईल असा आवाज लावला — "घराणं चांगलं, पोर कामाची. पण रंगानं काळी ठि—"

धप्प!

पंचवीस वर्षांचा शेंदूर, पाटीएवढं ढेकूळ, आक्काच्या पायाशी! त्याच्यासंगं देवीचं लुगडंही खाली घसरलं. आणि समोर — काळ्या पाषाणाची टेकाई! सरळ नाक, पातळ ओठ, तेलानं तुकतुकणारे गाल!

आक्काच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! काय देखणी! काळी... काळीशार!"

झालं! सगळं गाव देवीकडून आक्काकडे वळलं.

तोवर मालन पुढे झाली. ताटातलं लुगडं उलगडलं, उघड्या देवीला पांघरलं, कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं. मग वळली — नजर खाली नाही बरं का! म्हणाली, "आक्का, आई तर माझ्याच रंगाची निघाली. आता तिला परत लिंपायचं, का तिलाही नकार कळवायचा?"

गुरवाच्या हातून घंटेचा दोर सुटला, इतका हसला तो. आक्काची जीभ उचललीच होती. पण डोळ्यांपुढं आपला मांडव आला — गळ्यावर वाहणारी हळद, हसणाऱ्या बाया. त्या दिवशी पदर घेऊन पुढं यायला कोणी नव्हतं. जीभ जिथल्या तिथं राहिली.

मग म्हणाली, "सोपानराव, पोर आमची झाली. पण हिची जीभ माझ्याहून लांब आहे, आधीच सांगते."

"मग शोभेल तुमच्या घरात," सोपानराव म्हणाले.

त्या सालापासून टेकाईला शेंदराचं एकच बोट लागतं. आणि ही माझ्यामागं टाळ धरून उभी आहे ना — हसू नकोस गं मालन, ठेका चुकतोय! तीस वर्षं झाली, अजून रोज सकाळी विचारते, "आक्का, आज मी भोर का ठिक्कर?" खोटं कशाला बोलू? आमटी खारट झाली की ठिक्कर माझ्या ओठापर्यंत येतो. मग मी पाणी पिते!

आता तुमचं बोला. तिसऱ्या खांबाला टेकलेल्या बाई, उद्या नातसून बघायला निघालात ना? जा. पोहे खा, दोनदा खा. फक्त पोरीला दाराच्या उजेडात उभं करण्याआधी स्वतः घटकाभर तिथं उभ्या राहा. आणि शेपूट लावायचंच असेल, तर भोर लावा!

बोला — काळ्याभोर टेकाईच्या नावानं चांगभलं!